मागची डावी काच

काचेवर मी श्वास सोडला आणि काचेत एक बाई उमटली.

बाई म्हणजे तिचं कपाळ. त्याखाली नाकाचा शेंडा आणि कपाळाच्या मधोमध एक स्वच्छ, गोल ठिपका. बाकी सगळी काच धुरकट झाली होती, फक्त तेवढा आकार कोरडा राहिला होता. मी नीट पाहायला पुढे वाकले, तर त्या कपाळाखाली, जिथे डोळे असायला हवेत तिथेच, दोन डोळे उघडले.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. अशा वेळी माझा आवाज आत जातो.

बाहेरून दार उघडलं. डोळे एका पुरुषाचे होते. उंच, सावळा, गळ्यात मफलर, केसांवर धुक्याचे थेंब.

"घाबरलात?"

"नाही."

"मग श्वास घ्या. मघाशी सोडलात, परत घेतलाच नाहीत."

मी श्वास घेतला. गाडीत ओल्या रेक्झिनचा वास होता, आणि त्याखाली कुठेतरी... हळदीचा.

हे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधलं. एकोणीसशे ब्याण्णवचा जानेवारी, पौषातली रविवारची सकाळ. फर्निचरच्या दुकानांमागच्या मोकळ्या जागेत चेतनदास शेठ जुन्या गाड्या लावून ठेवत, आणि मी तिथे एक पांढरी फियाट बघायला आले होते. एकोणीसशे बहात्तरची. आम्ही बदलापूरला राहायचो. घरात दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीनंतर बाबांना हार्टचा पहिला झटका आला, तेव्हा रिक्षा मिळेपर्यंत त्यांची नखं निळी पडली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही." म्हणून गाडी हवी होती. नवी परवडणारी नव्हती. जुनी चालली असती, पण मधल्या रस्त्यात दगा देणारी नको होती.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचे. तपासल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही माझी सवय. पर्समधून रुमाल काढून मी काच खसाखसा पुसली आणि पुन्हा फुंकर घातली. बाई परत आली. तशीच, तेवढीच.

"नका पुसू," तो पटकन म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे... पुसा. तशी ती जात नाही."

"त्वचेचं तेल आहे. तेलकट जागेवर वाफ धरत नाही. कोरड्या कापडाने ते फक्त पसरतं."

"आणि तो गोल?"

"मेण असेल. कुंकवाखाली लावतात ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "बरोबर आहे," हळूच म्हणाला. "मेणच."

"अरे मॅडम, काच का क्या देखना!" चेतनदास चहाचा ग्लास घेऊन आले. "इंजन देखो! एक हात की गाडी. हाच तिचा मालक, धर्मराज, सोनिवलीवाला. विकायला माझ्याकडे ठेवली, पण दर रविवारी येऊन स्टार्ट करून जातो. बेटी सासरी गेली तरी बाप रोज दारात उभा, तसं. साईं, ऐसे में गिऱ्हाइक कैसे टिकेगा?"

"आणि पौषात कोण गाडी घेतं?" धर्मराज मला म्हणाला.

"म्हणूनच आले. पौषात गर्दी नसते."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

मी बॉनेट उघडायला लावलं. चेसिसचा नंबर कोरलेली पट्टी शोधून तिच्यावर पातळ कागद धरला आणि वरून आडवी पेन्सिल घासू लागले. पासिंगच्या मैदानावर असाच नंबर उतरवून घेतात, हे मला लॅबमधल्या एकाने सांगितलं होतं. वाऱ्याने कागद फडफडायला लागला. शेजारून एक हात आला आणि त्याने कागदाची दोन्ही टोकं दाबून धरली. मशीनवर काम करणाऱ्याचा हात, नखांच्या कडा काळ्या. माझी पेन्सिल त्या बोटांच्या अगदी जवळून जात होती. मी जरा सावकाश घासलं, हे मान्य करते.

नंबर आर.सी. बुकाशी जुळला. पंधरा वर्षं झाल्यावर, सत्त्याऐंशी साली गाडी पुन्हा तपासून पास झाली होती. शिक्का स्पष्ट होता.

"तपासणीला एकदाच नेली होती?" मी विचारलं.

"एकदाच, एकदाच," चेतनदास म्हणाले.

"तीनदा," धर्मराज म्हणाला.

"अरे साईं, तू चुप बैठ ना!"

"दोनदा परत पाठवली. पहिल्यांदा ब्रेक धरत नव्हते. ते करून घेतले. दुसऱ्यांदा..." तो मागच्या दाराकडे बघत होता. "पाऊस होता. साहेब आत बसले आणि म्हणाले, ही काच घाण आहे, पुसून आण. मी गाडी घरी घेऊन आलो. तिसऱ्यांदा कडक उन्हात नेली. उन्हात ती दिसत नाही."

"एका काचेसाठी गाडी नापास करून घेतलीत? पुसली का नाही?"

"ते माझ्या आईसमोर सांगायचं आहे. सोनिवलीला याल?"

चेतनदासांनी कपाळावर हात मारला.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते आरामखुर्चीत पांघरूण घेऊन बसले होते. "हं," ते म्हणाले, "गाडीचं कुळ बघायला चाललीस, का स्थळ?"

"बाबा!"

"नाही, चौकशी मात्र स्थळासारखीच चाललीय."

सोनिवलीला रिक्षातून उतरले तेव्हा दुपार असूनही उजेड करडा होता. घरामागे पेंढ्याने शाकारलेली रिकामी पडवी. तिच्यात गाडीच्या चाकांचे दोन खोल चर, आणि डाव्या चराच्या शेजारी एक लहान लाकडी पाट. गाडी नसलेल्या जागेकडे तोंड करून ठेवलेला.

बनूबाई, धर्मराजची आई, ओट्यावर बसल्या होत्या. नऊवारी, रिकामं कपाळ. त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली.

"ये गो बाय, बस. गाडी घेतेस नव्हं? मग तिचा कुळाचार ऐकून घे."

त्या बोलल्या, मधेमधे धर्मराज बोलला. वीटभट्टी चांगली चालली तेव्हा हिंदुरावांनी, म्हणजे धर्मराजच्या वडिलांनी, ही गाडी घेतली. गावातली पहिली. तेव्हापासून गावची प्रत्येक लेक याच गाडीतून सासरी गेली. नवरी मागे, डाव्या बाजूला. गाडी हलली की ती आईकडे बघत काचेला कपाळ टेकायची, आणि कपाळाची खूण काचेवर राहायची. ती खूण कोणी पुसायची नाही. पाचव्या दिवशी पाचपरतावनाला तीच गाडी तिला माहेरी आणायची, आणि उतरण्याआधी नवरी आपल्या पदराने आपली खूण पुसायची. काच पुसली गेली की आयाबायांनी समजायचं, पोर सुखात आहे.

"किती पोरी गेल्या नि आल्या," बनूबाई म्हणाल्या. "माझी बकुळा तेवढी नाय आली."

धर्मराजची धाकटी बहीण. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात लग्न झालं. चौथ्या दिवशी सासरी सरपण काढताना तिला साप चावला. इकडे गाडी धुऊन, फुलं लावून उभी होती.

"मग ती खूण पुसणार कोण?" धर्मराज म्हणाला. "तिची तिनेच पुसायची ना? वडिलांनी गाडी काढणं सोडलं. मी पासिंगला तेवढी नेली. वडील गेले. आणि आई..." त्याने पाटाकडे पाहिलं. "रोज दिवेलागणीला काचेवर फुंकर घालायची आणि बोलत बसायची. मागच्या श्रावणात एका पहाटे गाडीतच सापडली. हातपाय गारठलेले. म्हणून गाडी लांब नेऊन ठेवली."

"गाडी लांब गेली तरी पोर येनारच हाय," बनूबाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, भाजी आणायला गेलेल्या मुलीबद्दल बोलावं तशा. "घे गाडी. चांगली हाय. पन काच पुसू नको. ती आली का पुसंल."

मला पंधरा सेकंदांचं काम होतं. लॅबमध्ये स्पिरिट होतं, कापूस होता.

"नाही पुसणार," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर धर्मराजने विचारलं, "तुमचा यावर विश्वास आहे?"

"नाही. पण मी शब्द दिलाय. शब्दाला पुरावा लागत नाही." मग महत्त्वाचं विचारलं. "खरं सांगा. गाडी बाबांना ऐन वेळी दगा देईल?"

"थंडीत चोक पूर्ण ओढावा लागेल. बाकी नाही देणार. तिने आजवर कोणालाही मधे सोडलेलं नाही."

माघ लागताच गाडी आमच्या दारात आली. ती चालवायला शिकवणाराही आला. कारखान्यात त्याची दुसरी पाळी असली की सकाळी यायचा.

"क्लच सोडा... हळू... अहो, क्लच आहे तो, विंचू नाही!"

"तुम्ही ओरडलात की पाय उडतो."

"मी ओरडतोय? माझी आई म्हणते, मी बोललेलं ऐकू येत नाही."

"मग आई बरोबर असतील. मला तरी कामाचं काही ऐकू आलेलं नाही."

गियर स्टिअरिंगच्या शेजारी होता. माझ्या हातावर त्याचा हात आला, गियर पडला, आणि हात लगेच उचलला गेला. पण दोन वळणं जाईपर्यंत माझ्या हाताच्या पाठीला त्याची ऊब होती.

"लॅबमध्ये तुम्ही नेमकं काय करता?"

"रंग पक्का आहे का ते बघते. घासून, धुऊन, उन्हात ठेवून."

"माणसाचाही बघता येतो?"

"त्याला जास्त दिवस लागतात."

"मला घाई नाही," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग काचेचं हँडल उगाच फिरवत राहिला. मला कळत होतं, तो कुठे अडतोय. वीटभट्टीवाल्याचा मुलगा, लेथवर काम करणारा. आणि मी बाबांची, म्हणजे विष्णुपंत साहेबांची, एमेस्सी झालेली मुलगी. तो प्रश्न त्याने विचारला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं, हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

गाडीच्या काही खोडी होत्या. मागच्या डाव्या दाराच्या लॉकची खटकी मी संध्याकाळी दाबून ठेवायचे. सकाळी ती वर असायची. सोनिवलीचा फाटा आला की आत हळदीचा वास दाटायचा, आणि पुढे गेलं की विरायचा. आणि कधी कधी धुक्यात, आम्ही दोघं पुढे बसलेलो असताना, मागची ती एकच काच आतून वाफाळायची. तिथे कोणीतरी शांतपणे श्वास घेत बसावं तशी.

"दाराचं रबर सैल आहे," मी म्हणायचे.

"हो," तो म्हणायचा. "पाच वर्षं सैल आहे."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाबा चहाचा कप ठेवायला वाकले आणि सरळ झालेच नाहीत.

धर्मराज त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होता, म्हणजे एव्हाना कारखान्यात. बाहेर नदीवरून आलेलं धुकं असं दाटलेलं, की फाटकही दिसत नव्हतं. शेजारच्या कुंदाकाकूंनी आणि मी मिळून बाबांना शाल गुंडाळून मागच्या सीटवर डावीकडे बसवलं. काकू म्हणाल्या, "थांब, मी चपला घालून येते, मागे बसते." बाबांची नखं मला दिसली. मी थांबले नाही. चोक पूर्ण ओढला. इंजिन खोकलं, थरथरलं... आणि लागलं.

एकटीने मी तोवर कधीच गाडी चालवली नव्हती. धुक्यात समोरून दिवे यायचे आणि बाजूने निघून जायचे. अंबरनाथच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. गाडी इतकी आदळत होती की माझे दात वाजत होते. मी आरशात पाहिलं. मागच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. बाबांची माकडटोपी तेवढी दिसत होती. सरळ. एवढ्या धक्क्यांतही त्यांची मान एकदासुद्धा कलली नाही. बरं झालं उशी दिली, असं माझ्या मनात आलं.

उल्हासनगरच्या इस्पितळात बाबांना आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. आणि मान सरळ धरून ठेवलीत हे फार चांगलं केलंत. पुढे पडली असती तर श्वास अडकला असता. कोण बसलं होतं मागे?"

"उशी होती," मी म्हटलं.

खाली येऊन मी गाडीचं मागचं दार उघडलं. उशी नव्हती. उशी घेतलीच नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

दुपारी बाबांना शुद्ध आली. पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "ती मुलगी गेली का गं?"

"कोण मुलगी?"

"मागे बसलेली. सारखी म्हणत होती, आलंच आता, आलंच. डोकं धरून बसली होती बिचारी. तिच्या बांगड्या कानाशी वाजत होत्या." त्यांनी डोळे मिटले. "हिरव्या होत्या. नवीन लग्न झालेलं दिसतंय."

मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणसाला असं दिसतं. मला ते माहीत होतं. ते मी मनात दोनदा म्हटलं.

धर्मराज पाळी संपवून तसाच आला, तेलकट कपड्यांत. कुंदाकाकूंनी कारखान्यात फोन केला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली तेव्हा तो भिंतीला टेकला. त्याला बाबांपाशी नेलं. बाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"गाडी चांगली ठेवली होतीस," ते म्हणाले. "असंच माणसालाही ठेवतोस का?"

"बाबा, बोलू नका."

"तुम्ही दोघं बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतं."

कुंदाकाकू बाबांजवळ बसल्या आणि आम्ही खाली आलो. संध्याकाळ उतरत होती, हवा पुन्हा ओली झाली होती. बाबा काय म्हणाले ते मी त्याला सांगितलं. हिरव्या बांगड्यांसकट. सगळं सांगून झाल्यावर तो गाडीकडे वळला. मग त्याने मागचं दार उघडलं, वाकला, आणि डाव्या काचेवर फुंकर घातली.

काच धुरकटली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सारखी.

मी फुंकर घातली. कपाळ नव्हतं. नाकाचा शेंडा नव्हता. मेणाचा गोल नव्हता.

"बाबांची शाल घासली गेली असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "लोकर होती. आणि धक्के बसत होते..."

"तुम्ही रुमालाने पुसली होती ना? कॅम्प पाचला?"

"हो."

"गेली नव्हती."

"नाही."



त्याच संध्याकाळी आम्ही सोनिवलीला गेलो. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. फाटा आला. मी वास घेतला. नुसतं ओलं गवत. बनूबाई पडवीत पाटावर बसल्या होत्या. गाडी चरांत येऊन थांबली. धर्मराजने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काचेवर फुंकर घातली, आणि धूसर काचेवरून तळहात फिरवला.

"आली व्हती तर," त्या म्हणाल्या. "उशिरा का होईना, पाचपरतावनाला आली. पुसून गेली." मग डोळे न पुसताच उठल्या, पाट उचलला, आणि चुलीपाशी बसायला तो घरात घेऊन गेल्या.

पडवीत आम्ही दोघं उरलो. आता कंदील लावायला हवा होता, पण कोणी हललं नाही.

मी मागचं दार उघडून आत बसले. डाव्या बाजूला. दार ओढून घेतलं. काच माझ्या श्वासाने पांढरी झाली. तिच्यावर मी कपाळ टेकवलं, नीट, टिकलीसकट. बाहेरून पावलं आली. कपाळ मागे घेतलं, तर माझ्या खुणेखाली, जिथे माझे डोळे असायला हवेत तिथेच, त्याचे डोळे होते.

त्याने दार उघडलं. "काच खराब केलीत."

"हो."

"पुसू?"

"नाही. ज्याची खूण त्यानेच पुसायची ना? मी पुसेन... पाचपरतावनाला."

तो दाराला धरून उभा होता. "पाचपरतावन," तो सावकाश म्हणाला, "कुठून कुठे?"

"सोनिवलीहून बदलापूरला. फार लांब नाही. पण आणायला हीच गाडी लागेल. आणि ड्रायव्हर ओरडणारा नको."

अंधारात मला फक्त त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती.

"श्वास घ्या," मी म्हटलं. "मघाशी सोडलात, परत घेतलाच नाहीत."

तो हसला. पहिल्यांदाच मोठ्याने. "वृंदा," तो म्हणाला, आणि पुढच्या शब्दात 'तुम्ही' नव्हतं. "तू परत येशील, काच पुसशील... याचा पुरावा?"

मी हात पुढे केला. या वेळी तो त्याने लगेच सोडला नाही.

मागच्या दाराची खटकी त्यानंतर कधी आपोआप वर आली नाही. रबर बसलं असेल.